शेजारगावचा प्रतिस्पर्धी



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात शाळेच्या मैदानावर गेली. त्यांना अभिवादन करताना विषयही शाळेच्या मैदानाचाच असावा, असं मला वाटलं. मैदान मात्र दूरचं निवडलं आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात मॅसिलन आणि कँटन ही दोन शेजारी गावं आहेत. त्यांच्या हायस्कुलांमधला फुटबॉल सामना १८९४ पासून खेळला जातो. या चुरशीतून दोन गावांना काय मिळालं आणि त्यासाठी त्यांच्या मुलांना काय मोजावं लागलं, या दोन प्रश्नांभोवती मी आज बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेजारगावाशी ईर्ष्या जरूर असावी, कडकडीत असावी. पण गावाची अब्रू, पैसा आणि भवितव्य यांचं ओझं पोरांच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार मोठ्या माणसांना नाही.

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम डोळ्यांसमोर येतं, म्हणून एक खुलासा आधी करतो. मी ज्याबद्दल बोलतोय तो अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकता आलं तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर समोरच्याकडे जातो. समोरचे अकरा जण अंगावर येऊन आडवं पाडतात, म्हणून डोक्याला हेल्मेट आणि खांद्यांना जाड पट्ट्या. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण. ताकद लागते, तितकीच आखणी लागते आणि मार खाण्याची तयारीही लागते. खेळणारी पोरं चौदा ते अठरा वर्षांची असतात, हे आजचं व्याख्यान ऐकताना सतत ध्यानात ठेवा.

आता ही दोन गावं. दोन्ही स्टार्क काउंटीतली, म्हणजे आपल्या भाषेत एकाच जिल्ह्यातली. अंतर सुमारे तेरा किलोमीटर. मॅसिलनमधला लिंकन वे हा रस्ता पूर्वेला जाता जाता कँटनमध्ये टस्करावस स्ट्रीट होतो. मधली वस्तीही जवळपास सलग आहे. मॅसिलनची लोकसंख्या तीस हजारांच्या घरात, कँटनची तिच्या दुपटीहून अधिक. मॅसिलनच्या शाळेला वॉशिंग्टनचं नाव. कँटनच्या शाळेला विल्यम मॅकिन्ली या राष्ट्राध्यक्षाचं. हा मॅकिन्ली कँटनचा रहिवासी. १९०१ मध्ये त्याची हत्या झाली आणि त्याची समाधीही कँटनमध्येच आहे. मॅसिलनचे ‘टायगर्स’ नारिंगी-काळ्या रंगांत, मॅकिन्लीचे ‘बुलडॉग्ज’ लाल-काळ्या. दोन्ही गावं पोलादावर वाढली. भट्ट्या, रोलिंग मिल, बेअरिंगचे कारखाने आणि त्यांत घाम गाळायला युरोपातून आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली माणसं. त्यांच्या भाषा वेगळ्या, चर्च वेगळी, कातडीचा रंग वेगळा. अशा माणसांना ‘आपण या गावचे’ असं म्हणायला काहीतरी निमित्त लागतं. ऑक्टोबर सरता सरता होणारा हा सामना ते निमित्त झालं.

व्यावसायिक फुटबॉलमध्येही ही गावं एकमेकांना भिडली होती. १९०६ मध्ये मॅसिलन आणि कँटनच्या व्यावसायिक संघांच्या सामन्यात निकाल ठरवून लावल्याचे आरोप झाले आणि ओहायोतला तो खेळ पुढे काही वर्षं बसला. त्याच कँटनमध्ये १९२० मध्ये एका मोटारविक्रेत्याच्या दालनात संघमालक जमले आणि आजच्या एन.एफ.एल.ची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा लीगची, पायाभरणी झाली. म्हणून व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं गौरवदालन, १९६३ मध्ये कँटनला उभं राहिलं. व्यावसायिक संघ या गावांतून केव्हाच गेले. शाळांचे संघ राहिले. आजवर त्यांचे एकशे तीसहून अधिक सामने झाले आहेत.

शाळेचा संघ गावाचा संघ कसा होतो, याचं उत्तर अमेरिकेच्या शाळाव्यवस्थेत आहे. तिथली सरकारी शाळा स्थानिक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतं. त्याचं मंडळ गावकरी मतदानाने निवडतात. खर्चाचा मोठा वाटा गावातल्या घरांवरच्या आणि जमिनींवरच्या करातून येतो, आणि कर वाढवायचा असेल तर पुष्कळदा गावाचं मत घ्यावं लागतं. लहान गावात हायस्कूल बहुधा एकच. आजोबा तिथे शिकलेले, आई तिथे शिकलेली, नातू तिथेच जाणार. कामगाराचं पोर आणि डॉक्टरचं पोर एकाच संघात उतरतं. म्हणजे शाळा गावाची, पैसा गावाचा, मैदान गावाचं. अशी जोडी फक्त ओहायोतच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये वेलस्ली आणि नीडम या शेजारगावांची हायस्कुलं १८८२ पासून एकमेकांशी खेळत आली आहेत आणि तो सामना थँक्सगिव्हिंगच्या सणाला होतो. सणाला घरी आलेला माणूस आधी मैदानावर जातो आणि मग पंगतीला बसतो.

राष्ट्रीय कायद्यानेही या खेळाची पाठराखण केली. १९६१ च्या क्रीडाप्रसारण कायद्याने आणि १९६६ च्या दुरुस्तीने अशी तजवीज केली की, शरद ऋतूत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक लीगने आपल्या सामन्यांचं प्रक्षेपण शाळा-कॉलेजांच्या सामन्यांवर लादू नये. शुक्रवारची रात्र शाळांची. कोट्यवधी डॉलरची लीग आणि गावचं हायस्कूल यांत हायस्कुलाला वाट करून देणारा हा कायदा मला मोलाचा वाटतो. बाजाराला ‘इथून पुढे नाही’ असं सांगता येतं, एवढं तरी त्यातून शिकण्यासारखं आहे.

मॅसिलनमध्ये एक प्रथा आहे. गावात मुलगा जन्मला की टायगर्सच्या पाठीराख्यांचं मंडळ त्याच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवतं. बाळाने डोळे नीट उघडायच्या आत तो ‘टायगर’ झालेला असतो. सामन्याला वाघाचा खराखुरा बछडा आणण्याचीही परंपरा तिथे होती. शाळेच्या बँडची कीर्ती तर संघाइतकीच. सामना आला की दुकानांच्या काचा नारिंगी-काळ्या रंगल्या जातात. या प्रेमाकडे पाहून कोणाचंही मन भरून यावं. पण पाळण्यातला तो चेंडू क्षणभर हातात घेऊन पाहा. तो आशीर्वाद आहे आणि मागणीही आहे. त्या मुलाला चित्रं काढायची असतील, सनई वाजवायची असेल, शरीर नाजूक असेल, तर गावाच्या लेखी त्याची जागा कुठे? आणि मुलगी जन्मली तर तिच्या पाळण्यात काय?

या चुरशीचं उजळ अंग मात्र मला आधी सांगायचं आहे, कारण ते खरंच तेजस्वी आहे. पॉल ब्राउन हा मॅसिलनचाच विद्यार्थी. १९३२ मध्ये, ऐन महामंदीत, तो आपल्या शाळेत प्रशिक्षक म्हणून परतला. पंचविशीही गाठली नव्हती. पहिली तीन वर्षं तो मॅकिन्लीकडून हरला. १९३५ मध्ये ६-० असा जिंकला आणि पुढे शाळा सोडेपर्यंत मॅकिन्लीकडून पुन्हा हरला नाही. मैदानावरच्या खेळाला त्याने वर्गातल्या अभ्यासाची शिस्त लावली. खेळाडूंना वह्या दिल्या, डाव लिहून काढायला लावले, त्यांच्या लेखी परीक्षा घेतल्या. १९४० च्या हंगामात त्याच्या संघाने दहाच्या दहा सामने जिंकले. एकूण ४७७ गुण केले आणि विरोधकांना मिळाले सहा. ते सहा गुणही मॅकिन्लीने घेतले. अख्ख्या हंगामात मॅसिलनच्या रेषेपलीकडे जाऊ शकला तो फक्त शेजारी.

त्याच काळात मॅकिन्लीकडून मॅरियन मॉटली नावाचा मुलगा खेळत होता. जॉर्जियात जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर कँटनला आलेला, कृष्णवर्णीय, अंगाने दांडगा आणि पायांनी वेगवान. तीन हंगामांत त्याच्या संघाचे तीनच पराभव झाले आणि तिन्ही पॉल ब्राउनच्या मॅसिलनकडून. ब्राउनने त्याला थोपवण्यासाठी डोकं खर्ची घातलं, म्हणजेच त्याची ताकद किती हे ब्राउनइतकं कोणी ओळखलं नव्हतं. महायुद्धात नौदलाच्या ग्रेट लेक्स केंद्रावर मॉटली ब्राउनच्याच हाताखाली खेळला. युद्ध संपल्यावर तो पोलादाच्या गिरणीत कामाला लागला.

१९४६ मध्ये ब्राउनने क्लीव्हलँडचा व्यावसायिक संघ उभा केला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा बारा-तेरा वर्षं कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. ब्राउनने बिल विलिसला घेतलं आणि मग मॉटलीला बोलावलं. हे चित्र रंगवून सांगण्याचा मोह आवरायला हवा. मॉटलीने आधी स्वतः पत्र लिहून संधी मागितली होती आणि तेव्हा त्याला नकार मिळाला होता. विलिसला प्रवासात खोलीवर सोबती हवा, हेही बोलावण्यामागचं एक कारण असल्याचं सांगतात. तरीही बोलावणं आलं, आणि मैदानावर त्या निर्णयाचं सोनं झालं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या संघात केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड आले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन उतरला तो पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये. १९४६ च्या डिसेंबरात मायामीच्या सामन्याला मॉटली आणि विलिस यांना मागे ठेवावं लागलं, कारण फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती आणि धमक्याही आल्या होत्या. पहिल्या चारही वर्षी या संघाने आपल्या लीगचं अजिंक्यपद पटकावलं आणि १९५० मध्ये एन.एफ.एल.चंही. १९६७ मध्ये पॉल ब्राउन आणि १९६८ मध्ये मॅरियन मॉटली हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. म्हणजे मॅसिलनच्या त्या प्रशिक्षकाचा अर्धपुतळा कँटनमध्ये आहे आणि त्याच छताखाली कँटनच्या त्या पोराचाही आहे.

चांगल्या चुरशीचं फळ मी याला म्हणतो. मित्र आपले गुण कौतुकाने पाहतो, त्यात थोडी माया मिसळलेली असते. प्रतिस्पर्ध्याला ती चैन परवडत नाही. त्याला आपली ताकद अचूक मोजावीच लागते. कातडीचा रंग पाहून माणसाची किंमत ठरवणाऱ्या देशात एका गोऱ्या प्रशिक्षकाला एका काळ्या मुलाची खरी किंमत कळली, त्यात वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध डाव आखल्याचा वाटा मोठा होता.

आता दुसरी बाजू. ओहायोतल्या शाळांचा खर्च स्थानिक करावर चालतो, हे मी सांगितलंच. १९९७ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कारभार राज्यघटनेत बसत नाही, असा निकाल दिला, कारण गरीब गावातल्या मुलाच्या वाट्याला गरीब शाळाच येत होती. निकालानंतरही जादा करासाठी मतं मागत फिरणं काही थांबलं नाही. ‘गो टायगर्स!’ हा २००१ चा माहितीपट मॅसिलनच्या १९९९ च्या हंगामावर आहे. त्या वर्षी शाळेसाठी जादा कराचा प्रस्ताव मतदानाला होता. मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि हंगामाचा शेवटही त्याच सुमारास. संघ जिंकला तर गाव खुशीत राहील आणि कराच्या बाजूने मत देईल, हरला तर शिक्षकांच्या नोकऱ्या जातील, असं वातावरण. प्रस्ताव मंजूर झाला. पण सतरा वर्षांच्या मुलाने चेंडू सोडला तर गणिताच्या बाईंची नोकरी जाते, ही व्यवस्था कोणत्या शहाण्या समाजाची? कर देणं हे मोठ्यांचं कर्तव्य. ते पार पाडण्यासाठी मुलांनी आधी कोणाला तरी हरवून दाखवावं, ही अटच चुकीची आहे.

त्याच माहितीपटात आणखी एक चाल दिसते. मुलगा पास होत असूनही काही पालक त्याला आठवीत मुद्दाम एक वर्ष जास्त बसवतात, म्हणजे हायस्कुलात तो वयाने थोराड आणि अंगाने भरलेला होईल. पालकांना त्यात लबाडी वाटत नाही. मुलाच्या भल्यासाठीच करतो, असं ते मनापासून मानतात. तरीही आयुष्याचं एक वर्ष मुलाचं जातं आणि ते गावाच्या विजयाच्या खात्यात जमा होतं.

टेक्सासमध्येही गावाचं ओझं असंच पोरांवर पडत होतं. ओडेसा आणि मिडलँड ही तेलाच्या पट्ट्यातली दोन शेजारी शहरं. विहिरींवर राबणारा कामगार ओडेसात आणि तेलकंपन्यांची कार्यालयं मिडलँडमध्ये. त्यांच्या शाळांच्या सामन्यात वर्गाची खदखद असायची. पत्रकार एच. जी. बिसिंजर १९८८ च्या हंगामात ओडेसात जाऊन राहिले आणि १९९० मध्ये त्यांचं ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक आलं. तिथल्या शाळेच्या संघाचा सर्वांत चमकदार कृष्णवर्णीय खेळाडू हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात गुडघ्याला जायबंदी झाला. काल ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होते, त्याच्याकडे आज पाहायला कोणी तयार नव्हतं. त्याने अभ्यासाकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण कोणी द्यायला सांगितलंच नव्हतं. पुस्तक वाचून ओडेसाकर चिडले. पण आरशावर चिडून चेहरा बदलत नाही.

दुखापतीचा प्रश्न तर गुडघ्यापुरता नाही. या खेळात डोक्याला धक्के बसतात आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे गेल्या वीस वर्षांत वैद्यकाने ठळकपणे पुढे आणलं. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला: डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. २००८-०९ च्या सुमारास देशातली अकरा लाखांवर शाळकरी मुलं हा खेळ खेळत होती; नंतर हा आकडा दहा लाखांपर्यंत उतरला. कायदा हवाच होता. पण कायदा येईपर्यंत ‘उठ, गावाची इज्जत आहे’ असं म्हणून भोवळ आलेल्या किती पोरांना परत उभं केलं गेलं असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

या गावांवर दिवसही वाईट आले. पोलादाचे कारखाने एकामागून एक आक्रसले, बंद पडले, मालक बदलले. तरुण बाहेर पडले. २०१८ मध्ये मॅसिलनमधलं रुग्णालयसुद्धा बंद झालं; जवळची मोठी रुग्णालयं आता कँटनमध्ये आहेत. ज्या गावाला हरवायचं, आजारपणात त्याच गावाचं दार गाठायचं. आपल्याकडेही शेजारगावांचं नातं वेगळं नसतं. जत्रेतल्या कुस्तीत एकमेकांचे मल्ल पाडायचे आणि सोयरीकही त्याच गावात जुळवायची.

आणि मग २०२३ चं वर्ष उजाडलं. मॅसिलनला पूर्वी वार्ताहरांच्या मतांवर अनेकदा राज्यविजेतेपद मिळालं होतं. १९७२ पासून ओहायोत विजेता बाद फेरीच्या सामन्यांतून ठरू लागला आणि तेव्हापासून एकावन्न वर्षं मॅसिलनच्या हाती ते पद आलं नव्हतं. शेजारच्या मॅकिन्लीने मात्र १९८१, १९९७ आणि १९९८ मध्ये ते मिळवलं होतं. ही ठसठस किती असेल, सांगायला नको. २०२३ मध्ये मॅसिलनने हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले. अंतिम सामन्यात अ‍ॅक्रनच्या होबन शाळेला ७-२ असं हरवलं. एवढ्या कमी गुणांचा अंतिम सामना म्हणजे दोन्ही बाजूंच्या बचावाने जीव ओतलेला. आणि हा सामना झाला कुठे, तर कँटनच्या मैदानावर, जिथे मॅकिन्लीचा संघ आपले घरचे सामने खेळतो. मॅसिलनकरांच्या आनंदाश्रूंना जागा दिली ती शेजाऱ्याच्या गॅलऱ्यांनी.

श्रोतेहो, हे सगळं मी कोल्हापुरात बोलतोय ते उगाच नाही. पाटाकडील आणि दिलबहार, खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठा कशा जाग्या होतात, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. तालमींनी फुटबॉल जगवला, तोही साखर कारखान्यांच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या जिवावर नव्हे तर गल्लीतल्या वर्गणीवर आणि पदरमोडीवर. ही ईर्ष्या विझू नये. ज्या शहरात कोणाला कोणाशी स्पर्धाच करावीशी वाटत नाही, तिथे मैदानांवर आधी गवत वाढतं आणि मग इमारती उभ्या राहतात.

पण ही ईर्ष्या सांभाळायची कोणी? मोठ्यांनी. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली पालकांसाठी आणि तालमीच्या कारभाऱ्यांसाठी: खेळणाऱ्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी त्याच्या गोलांइतकीच करा, आणि पाय मोडलेल्या पोराच्या घरी हंगाम संपल्यावरही जात राहा. दुसरी शाळांसाठी: मैदान, पाणी, प्रशिक्षक आणि दुखापतीवरचे उपचार हे मुलांचे हक्क आहेत, चषक आणल्यावर द्यायची बक्षिसं नव्हेत, आणि ते मुलींनाही तितकेच मिळाले पाहिजेत. तिसरी प्रेक्षकांसाठी: समोरच्या पेठेच्या पोराने सुंदर खेळ केला तर टाळी द्या. तो उद्याही तुमच्या नव्हे, त्याच्याच संघाकडून खेळेल, तुम्हाला पुन्हा हरवेलही. पण त्याच्यामुळेच तुमचा पोरगा अधिक चांगला खेळाडू होणार आहे.

हंगाम तोंडावर आला आहे. या वेळी मैदानावर जाल तेव्हा आपल्या मुलाला एवढंच सांगा: मनसोक्त खेळ, हरलास तरी घर तुझंच आहे. मग बघा, पोरं किती मोकळेपणाने खेळतात.